घुमटाचा सांधा

सुलक्षणा गेली तेव्हा घुमट अर्धाच झाला होता. पायाशी गोल फिरवलेल्या पाकळ्या आणि पाकळ्यांच्या वर टूथपिकच्या अकरा ओळी. बाराव्या ओळीत सातच काड्या होत्या. सातव्या काडीच्या टोकाला डिंकाचा थेंब वाळून राहिला होता, आठवी काडी यायची म्हणून लावलेला.

विजापूरचा गोल घुमट होता तो. चार भिंती आणि कोपऱ्यांतले चार मनोरे दीड फुटी प्लायवर आधीच उभे होते. घुमट ती वेगळा बांधत होती, गोल बुडाच्या एका पातेल्यावर. पातेलं उपडं घालायचं, त्यावर प्लास्टिकचा कागद, त्यावर खालून वर ओळीवर ओळ. पुरा झाला की पातेलं काढून घ्यायचं आणि घुमट भिंतींवर बसवायचा. पातेलं तिच्या आईचं, साळूकाकूंचं. दिवाळीच्या सुट्टीत तिनं घुमटाच्या पाकळ्या इथं गावात, खुटबावातच त्यावर बांधल्या आणि जाताना ते तसंच शिरूरला नेलं. नंतर दोन महिने काकू फोनवर तिला आधी पातेल्याचं विचारायच्या, मग जेवलीस का ते.

आमच्यापासून तिसरं घर त्यांचं. तिच्या वडिलांना, हौसरावांना, मी लहानपणापासून आबा म्हणते. आबा गुळव्या. चौदाव्या वर्षी काहिलीखालच्या चुलवाणात चिपाडं सारायला गुऱ्हाळावर लागले आणि पुढं काहिलीवर चढले. काहिलीतला रस किती उकळला, मळी सुटायला भेंडीचं पाणी कधी टाकायचं, ती कधी काढायची, काहिल कधी उतरवायची, हे गुळव्याच्या डोळ्यावर चालतं. आबांचा डोळा रंगावर होता. गुळाची ढेप बघून ते सांगायचे की ऊस राहूकडच्या काळ्या रानातला की माळाचा, खोडवा की नवी लागण. राहूपासून केडगावपर्यंतचे गुऱ्हाळवाले त्यांना ढेप दाखवायला आणायचे. उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग, आणि स्वतः चहा मात्र साखरेचा प्यायचे. गुळाचा वास अंगात इतका मुरलाय की आता पोटात तरी नको, म्हणायचे.

सुलक्षणा त्यांची एकुलती. सातवीत असताना शाळेची सहल विजापूरला गेली, तिथल्या सज्जात उभं राहून एकदा बोललं की आवाज सात वेळा परत येतो असं गाइडनं सांगितलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या, सरांचं नाव घेऊन ओरडली. ती नुसतं ‘आबा’ म्हणाली. घरी येऊन सांगितलं, आबा, तिथं सात जणी तुम्हाला हाका मारत होत्या. आबा त्यावर हसले नव्हते. एक पोरगी सांभाळता येईना, आन् सातांचं काय करू, एवढंच म्हणाले होते.

त्या वर्षापासून ती काड्या चिकटवायला लागली. आधी आगपेटीच्या, मग टूथपिकच्या. गेटवे केला, तो शाळेच्या कपाटात आहे. शनिवारवाड्याचा दरवाजा केला, तो पुढं नोकरी लागल्यावर कंपनीतल्या सुपरवायझरला त्यांच्या निरोपाच्या दिवशी दिला. चारमिनार मावशीकडे होता, मांजरानं पाडला. डिप्लोमा झाल्यावर रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत लाइनवर लागली, शिरूरला खोली घेतली, करिश्मा नावाच्या मुलीबरोबर. शिफ्टवरून आली की काड्या. दिवसभर तेच तर करतेस, सुटं जोडायचं, मी एकदा म्हटलं. ती म्हणाली, तिथं जोडलेलं पुढच्या बाईकडं जातं, हे कुठं जात नाही.

दिवाळीत आबा तिच्याजवळ बसून बघत असत. घुमटाच्या गोलाईला काडी वळावी म्हणून ती वाटीत पाणी घेऊन त्यात काड्या भिजत टाकायची. आबांनी विचारलं, लाकूड असं पाण्यात बुडवलं तर खराब होत नाही का.

“पाण्याबिगर वळत न्हाईत त्या, आबा,” ती म्हणाली होती. “पाणीच त्यांला शाणं करतं.”

हे वाक्य आबांनी मला नंतर कितीदा सांगितलं ते मोजलेलं नाही.

जानेवारीत, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, ती गाडीवरून शिरूरहून घरी निघाली. न्हावऱ्याच्या पुढे उसाची ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती. मागं लाल दिवा नव्हता, चमकणारी पट्टीही नव्हती. त्याहून जास्त मी लिहिणार नाही. तिथं गेलेल्यांना आबांनी एकच विचारलं, ऊस कारखान्याचा होता का गुऱ्हाळाचा. कुणी सांगितलं नाही.

तेराव्यानंतर आबा तिचं सामान आणायला शिरूरला गेले. करिश्मानं कपड्यांची बॅग भरून ठेवली होती आणि एका खोक्यात, कंपनीच्या फोममध्ये बसवून, गोल घुमटाच्या भिंती आणि मनोरे. खोक्यातच वेगळं गुंडाळलेलं पातेलं, त्यावर अर्धा घुमट. एसटीत बॅग त्यांनी पायाशी टाकली आणि खोका मांडीवर घेतला. न्हावऱ्यावरून चौफुल्याला येणारी गाडी, रस्ता तोच. कंडक्टरनं विचारलं, आबा, खोक्यात काय हाय. गोल घुमट, ते म्हणाले. बसलंय का त्यात कुणी, कंडक्टरनं विचारलं, आसंल तर त्याचं बी तिकीट काढा. दोनतीन माणसं हसली. आबाही हसले, म्हणजे त्यांचं तोंड तसं झालं. हे त्यांनीच सांगितलं. त्या जागेवरून गाडी गेली तेव्हा काय केलं, असं मी विचारलं नाही, पण ते म्हणाले, “खड्डे लई हायत त्या रस्त्याला. खोका दोन्ही हातांनी वर धरला व्हता.”

कामावर परतल्यावर त्यांनी एकच नवीन गोष्ट सुरू केली. गुऱ्हाळाच्या आवारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीच्या मागं जुन्या लाल लुगड्याची चिंधी बांधायची. अंधारात चिंधी दिसत नाही हे त्यांनाही माहीत होतं.

घुमट पुढच्या खोलीत भिंतीलगतच्या टेबलावर राहिला. साळूकाकू रोज देवाला दिवा लावून झाला की त्याच्यापाशी जायच्या आणि बाराव्या ओळीतल्या सातव्या काडीच्या टोकाला, त्या वाळलेल्या थेंबाला, बोट लावायच्या. डोळे मिटून. दुसऱ्या कुठल्या फोटोला, कपड्याला त्या हात लावत नव्हत्या.

जूनमध्ये आबा म्हणाले, घुमट पुरा करतो.

काकूंनी नको म्हटलं. भांडण नव्हतं ते. दोघंही हळू बोलत होते.

“तिनं जितं सोडलंय तितं ऱ्हाऊ द्या.”

“अर्धं कसं ठिवायचं? काहिल चढवली की उतरवावीच लागती. मधी सोडून उठलं तर जळती.”

“ही काहिल न्हाई, अवो.”

“मग काय हाय?”

काकूंना ते सांगता आलं नाही. आबांना ते त्यांचं हो म्हणणं वाटलं.

दौंडला मी कामाला जाते, तिथं शालिमार चौकाकडल्या दुकानात आबा माझ्याबरोबर आले. चार डबे टूथपिक मागितल्या. दुकानदारानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. “चार दात ऱ्हायलेत, आन् चार डबं काड्या?” आबा म्हणाले, “चारच हायत म्हणून जपतोय.” परतीच्या डेमू लोकलमध्ये ते डबा उघडून एकेक काडी खिडकीच्या उजेडात धरून बघत होते. पांढऱ्या आहेत, म्हणाले. लई पांढऱ्या.

अडचण तीच झाली. सुलक्षणानं सगळ्या काड्या दीड वर्षापूर्वी एकदम आणून खोलीत उघड्या ठेवल्या होत्या. शिरूरच्या एकाच खोलीत झोपणं आणि फोडणी, त्या वाफेनं, उदबत्तीनं, उन्हानं त्या मधासारख्या झाल्या होत्या. नवी काडी शेजारी धरली की दात दिसल्यासारखी दिसायची. आबांनी एक ओळ लावून बघितली आणि रात्र व्हायच्या आत सगळी उपसून काढली. सांधा दिसत होता. इथवर ती, इथून पुढं मी, असं घरात येणाऱ्या कुणालाही बोट दाखवता आलं असतं. ते त्यांना सोसत नव्हतं.

त्यांनी काड्या चहात बुडवल्या, लाल आल्या. हळदीच्या पाण्यात टाकल्या. लग्नघरासारख्या दिसायला लागल्या, त्यांनीच फेकल्या. कॉफीची पुडी माझ्याकडून नेली, काळपट. मग चौथ्या खेपेला त्यांनी त्यांच्या हाताखालचा रंग घेतला. गुऱ्हाळावरून काकवी आणली, पाण्यात पातळ केली, बोटावर घेऊन उन्हात बघितली, आणखी थोडं पाणी घातलं, परत बघितली. त्यात काड्या चार तास ठेवून पत्र्यावर वाळवल्या. वाळलेली काडी सुलक्षणाच्या काडीशेजारी धरली आणि मला हाक मारली.

“ह्यातली तिची कंची?”

मी डावीकडची म्हटलं. ती त्यांची होती. कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा सैल झालेला मी पाहिला.

जून, जुलै आणि ऑगस्टचे पंधरा दिवस. सकाळी गुऱ्हाळावर जायच्या आधी दोन तास आणि आल्यावर दिवेलागणीपर्यंत. काड्या आधी वाटीत भिजत टाकायच्या, तिच्यासारख्याच. चिमटा तिचाच. भाजलेल्या हाताची बोटं नीट मिटत नाहीत, म्हणून काडी दोन बोटांत धरून तिसऱ्यानं दाबायची त्यांनी आपली रीत बसवली. गुऱ्हाळावर उत्तर प्रदेशातले मजूर होते, ते विचारायचे, चाचा, मकान कहाँ तक पहुँचा. आबा सांगायचे, छत डालना बाकी है.

ओळी वर जातील तशा लहान होत गेल्या. शेवटच्या ओळीला नऊ काड्या लागल्या. प्लास्टिकचा कागद धरून त्यांनी पातेलं खालून अलगद सोडवलं, घुमट भिंतींवर बसवला आणि मागं सरकून उभे राहिले. मी होते तिथे. खरोखर सांधा दिसत नव्हता. पाकळ्यांपासून शेंड्यापर्यंत एकच रंग, संध्याकाळच्या उन्हात भाजल्यासारखा. आबा वाकले आणि भिंतीतल्या त्या बोटभर दरवाजाजवळ तोंड नेलं. मला वाटलं काही बोलतील. ते तसेच थोडा वेळ थांबले आणि सरळ झाले.

काकू दिवा लावून आल्या. सवयीनं बोट पुढं केलं. बाराव्या ओळीवरून ते फिरलं, पुढं गेलं, मागं आलं. थेंब आठव्या काडीखाली गेला होता.

“तिनं कुठं सोडलं त्ये मला आता कळंना,” त्या म्हणाल्या.

आबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना ती शाबासकी वाटली होती. काकू पातेलं उचलून आत गेल्या आणि ते घासायला लागल्या. बराच वेळ घासत होत्या.

ऑगस्टच्या शेवटी झड लागली. आठ दिवस ऊन नाही. घरात मीठ ओलं, आगपेटी ओली. घुमटाला हात लावला की बोट चिकटायला लागलं. गुळाचं हे आबांना ठाऊक नव्हतं असं नाही. पावसाळ्यात ढेपेला पाणी सुटतं हे त्यांनी आयुष्यभर बघितलंय. पण ते गुळाचं होतं. ही काडी होती, आणि ती आता सुलक्षणाची झाली होती. ढेपेचा नियम तिला लागेल असं त्यांच्या मनात आलंच नाही.

खिडकीतून मुंग्यांची ओळ आली. आधी बारीक लाल, मग काळ्या. साळूकाकूंनी मला हाक मारून दाखवलं. मुंग्या भिंतींवर थांबत नव्हत्या. पाकळ्यांवर नव्हत्या, पहिल्या अकरा ओळींवर नव्हत्या. बाराव्या ओळीच्या आठव्या काडीपासून वर, शेंड्यापर्यंत, घुमट काळा होऊन हलत होता. सात काड्या मोकळ्या होत्या, त्यांच्या पलीकडून रेघ ओढल्यासारख्या मुंग्या. काकूंनी सातवी काडी शोधली आणि तिच्यावर बोट ठेवलं.

“ह्यांनी वळखली बघ,” त्या म्हणाल्या.

आबांनी हळदीची रेघ ओढली, मुंग्यांचा खडू आणला, टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. मुंग्या घराच्या भिंतीवरून टेबलावर यायला लागल्या. काकवी ओघळून भिंतींत उतरली, मनोऱ्यांत उतरली, आणि त्या पोकळ मनोऱ्यांत मुंग्यांनी अंडी घातली. कानाजवळ धरलं तर आत बारीक खसखस ऐकू यायची. काकू म्हणाल्या रॉकेल लावा. आबांना तो वास तिच्या वस्तूला नको होता. औषध मारणार होते, पण त्याचे डाग पडतील म्हणून नाही मारलं. काकू म्हणाल्या, मग ऱ्हाऊ द्या त्यांनाच. घर पुरं झाल्यावर कुणीतरी ऱ्हायला आलं म्हणायचं.

हे त्या चेष्टेनं म्हणाल्या होत्या. आबांनी ते लावून घेतलं.

आबांनी मग जे केलं ते दुसरं कुणी केलं नसतं. गुऱ्हाळावर रोज काम संपलं की गाळणी, लाकडी फावडी, लाकडी साचे, सगळं कढत पाण्यात घालतात. गूळ सुटतो, मुंग्या जातात, लाकडाला काही होत नाही. आबांनी ते सत्तेचाळीस वर्षं केलं होतं. त्यांचं फावडं त्यांच्या बापाच्या वेळचं होतं, रोज कढत पाण्यात जाऊनही तडा गेलेला नाही. शिवाय सुलक्षणा स्वतः काड्या पाण्यात घालायची, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. पाणीच त्यांला शाणं करतं.

तिच्या काड्या पाण्यातून निघाल्यावर डिंक लागायचा. आधी पाणी, मग डिंक. एवढाच फरक होता, आणि तो त्यांना कुणी सांगितला नव्हता. डिंकाची बाटली त्यांनी मला एकदा आणून दाखवली होती, यावर काय लिहिलंय बघ म्हणून. लाकडासाठी चांगला आहे, मी म्हटलं. खालची बारीक अक्षरं मी वाचली नव्हती.

काकू त्या दिवशी यवतला दवाखान्यात गेल्या होत्या. आबांनी अंगणात चूल पेटवून पाणी तापवलं, म्हशीचा मोठा टब धुऊन घेतला आणि गोल घुमट प्लायसकट त्यात ठेवला. वरून तांब्यानं पाणी सोडलं. मुंग्या तरंगून वर आल्या. पाणी तपकिरी झालं, गुळाचा वास सुटला. त्यांनी टब भरेपर्यंत पाणी घातलं, मनोऱ्यांच्या टोकांपर्यंत, कारण अंडी आत होती. गुऱ्हाळावर साचे तासभर ठेवतात. त्यांनी तासभर ठेवलं. शेजारी पायरीवर बसून राहिले, एकदा पाण्यात बोट घालून बघितलं, गार होतंय म्हणून आणखी एक पातेलं ओतलं.

आधी पाकळ्या सुटल्या. त्यांना वाटलं मुंग्या आहेत. मग बाराव्या ओळीचा सांधा नाही, सगळाच घुमट एकदम खाली बसला, जसा उतू आलेला रस तेलाचे चार थेंब टाकल्यावर बसतो. त्यांनी दोन्ही हात पाण्यात घातले. भिंती हाताला लागल्या आणि हातातच सुटल्या. डिंक पांढरा, दुधासारखा होऊन वर येत होता. मनोरे शेवटी गेले.

मी दौंडहून आले तेव्हा काकू परतल्या होत्या. पाणी ओतून दिलेलं होतं. अंगणातल्या पत्र्यावर काड्यांचा ढीग, ओला, चिकट. आबा ढिगापाशी बसले होते, हात कोपरापर्यंत तपकिरी. भाजल्याचे डाग त्या रंगात दिसत नव्हते.

काकू ओरडल्या नाहीत. आतून ते गोल बुडाचं पातेलं घेऊन आल्या आणि ढिगातली एकेक काडी उचलून त्यात ठेवायला लागल्या, तांदूळ निवडतात तशा. मीही बसले. मुंग्या परत यायला लागल्या होत्या. काकू त्या फुंकरीनं उडवत होत्या.

मग त्यांनी पातेलं आबांच्या पुढं सरकवलं.

“ह्यात तिच्या बी हायत,” त्या म्हणाल्या. “तुमाला रंग कळतो. तिच्या येगळ्या काढून द्या.”

आबांनी एक काडी घेतली, मावळतीच्या उजेडात धरली. ती काकवीच्या रंगाची होती. दुसरी घेतली. तीही. तिसरी त्यांनी जिभेला लावली. गोड होती. त्यांनी चौथी लावली, पाचवी लावली. सगळ्या गोड होत्या. जून महिन्यात एका काडीसाठी त्यांनी चार रंग करून बघितले होते, दोन्हींत फरक दिसू नये म्हणून.

“सगळ्या नगं,” काकू म्हणाल्या. “एक द्या. एकच.”

आबा उजेड जाईपर्यंत बघत राहिले. त्यांच्या हातात एक काडी बराच वेळ राहिली, आणि मला वाटलं, निदान खोटं तरी सांगतील. त्यांनी ती परत पातेल्यात ठेवली.